आनंदीबायचा उजवा पाय

आनंदीबायचा उजवा पाय मोडला नव्हता. मोडला तो डावा, देवाने दिलेला. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण लाटंबार्स्यात आजही कुठल्या दुकानाच्या बाकावर बसलात तर कोणीतरी तुम्हाला सांगेल, की धारगळच्या शेटाने घासाघीस करून उजव्या खुब्यासाठी स्वस्तातला सांधा आणला आणि त्या सांध्यानेच अखेर म्हातारीला आडवं केलं. धारगळचा शेट म्हणजे मी. सायकलला गोणी बांधून काजूची बी गोळा करत मी फिरायचो तेव्हा मला कोणी शेट म्हणत नव्हतं. हमरस्त्याला स्वतःचं दुकान टाकलं, तेव्हा म्हणू लागले. आणि एकदा म्हणू लागल्यावर शेटाबद्दल जे जे वाईट बोलायचं असतं ते सगळं माझ्याबद्दल बोलून झालं. बाकीचं मी सोडून दिलं. हे एक सोडलेलं नाही.

लाटंबार्स्याच्या वरच्या अंगाला देवस्थानचा काजूचा डोंगर आहे. हंगामाच्या आधी देवळाच्या अंगणात त्याची पावणी होते, म्हणजे लिलाव; ज्याची बोली सगळ्यांत वर जाईल त्याचा डोंगर, त्या एका हंगामापुरता. नवरा गेला त्या वर्षी आनंदीबाय बायकांच्या बाजूने उठून पुरुषांच्या बाजूला येऊन उभी राहिली आणि पावणी बोलली. आधी कोणा बाईने तिथे तोंड उघडलं नव्हतं. नवऱ्याचा पुतण्या पुंडलिक डोंगर आपल्यालाच मिळणार असं धरून बसला होता. तो म्हणाला, ''काकी, ही बापयांची जागा.'' ती म्हणाली, ''मगे तू हंय कित्याक इलंस?''

त्यानंतर दर वर्षी डोंगर तिचाच. पुंडलिक दर वर्षी चढवायचा, ती त्याच्यावर चढवायची.

बाई उंच, हाडापेराने मोठी, रंगाने जांभ्या दगडासारखी. कासोटा घातला की एखादा पुरुष बाजूने गेल्यासारखं वाटे. खुर्चीवर कधी बसायची नाही. झाडांशी बोलायची, तेही गोड नव्हे. फळ न धरलेल्या झाडाखाली उभी राहून त्याच्या सगळ्या खानदानाचा उद्धार करायची. मी बी घ्यायला गेलो की आधी नीरो पुढे करी. काजूची बोंडं पायांनी तुडवून रस दारूच्या भट्टीसाठी काढला, की उरलेल्या चोथ्यावर मोठा धोंडा ठेवतात. त्याच्या भाराने जो स्वच्छ रस थेंब थेंब गळतो तो नीरो. पेला हातात देऊन म्हणायची, ''पयलो पी, मागीर भांड.'' आणि मग खरंच भांडायची. बियांची मूठ कानाशी धरून खुळखुळवायची, जसा काही त्यातून तिला एकटीलाच भाव ऐकू येतोय. मी पेडण्याच्या बाजारात, डिचोलीच्या बाजारात, घाटावरच्या व्यापाऱ्यांशी आयुष्यभर हुज्जत घातली आहे. मला घाम फोडणारं माणूस ते एकच.

भाव ठरला की ती एक भुवई वर करायची, बस. ती भुवई बघितली की आपण पुन्हा फसलो हे मला कळायचं.

गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी हे भांडण पेटलं होतं त्या दिवसांतली एक गोष्ट. भिंती घोषणांनी रंगल्या होत्या, एका घरात दोन भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. एका दुपारी मराठीवाल्यांची मुलं तिच्या भट्टीवर पाठिंबा मागायला आली, आणि ती बसली आहेत तोवर कोकणीवाल्यांची आली. मी तिथेच होतो. मला वाटलं, आता दगड उचलले जातात. आनंदीबायने दोन्ही बाजूंना नीरो दिला आणि विचारलं, ''सगळ्यांनी पिलो मां? आता पाय धुवा.'' जांभ्या दगडात खोदलेला उथळ हौद असतो, त्याला कोळमी म्हणतात. त्यात सकाळची बोंडं भरून ठेवलेली होती. सगळ्यांना तिने गरम पाण्याने पाय धुवायला लावले आणि आत उतरवलं. स्वतः पुढे. वरच्या आडव्या बांबूला हात धरून सगळे पाऊण तास तुडवत होते. एकाने हळूच विचारलं, ''बाय, पण तू कोणाच्या बाजूची?'' ती म्हणाली, ''मी पावणी मराठीत बोलतंय आणि गाळी कोकणीत घालतंय. तुका खयची होई?''

त्यातला एक मुलगा पुढे आमदारकीला उभा राहून पडला. भेटला की अजून त्या तुडवणीची आठवण काढतो.

पुढे गोवा राज्य झालं, भाषेचा तंटा थंडावला, आणि त्यानंतर काही वर्षांनी आनंदीबाय लंगडायला लागली. आधी कोणी लक्ष दिलं नाही. डोंगरावर एकदा घसरून उजव्या खुब्यावर आपटली होती, त्याचं दुखणं असेल म्हणाली. मग कोळमीत उतरताना बांबू दोन्ही हातांनी धरू लागली. मग उतरेनाशी झाली. तिच्याकडे यल्लू म्हणून बेळगावकडची बाई कामाला होती. हंगामाला येत असे ती कायमची राहिली होती. तिने मला धारगळला निरोप पाठवला: ''शेट, बाई रात सारी कण्हत्यात. दावाखान्याचं नाव काढलं की माझ्या अंगावर धावून येत्यात. तुमी या.''

मी गेलो. मला बघून आनंदीबाय म्हणाली, ''येतंय. पण तू वांगडा येवक होयो. माझ्याशी भाव करतंस तसो डॉक्टराशी कर.'' म्हणजे दहा वर्षं मला पिळून काढलं, ते वाया गेलं नव्हतं. तेवढ्यापुरती मी लायकीचा होतो.

बेळगावच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून सांगितलं, की मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचं रक्त बंद पडलं आहे, गोळा सुकून खचला आहे. सांधा बदलायला हवा. त्यांनी टेबलावर दोन नमुने ठेवले. एक गुळगुळीत, तो हाडाच्या पोकळीत सिमेंट भरून बसवायचा. दुसऱ्याच्या दांड्यावर खरखरीत थर होता, बारीक वाळू चिकटवल्यासारखा. तो सिमेंटशिवाय, मापात घट्ट ठोकून बसवायचा; मग हाड त्या खरखरीत भागात शिरून त्याला धरतं. सिमेंटवाला स्वस्त, आणि त्यावर लगेच भार टाकता येतो. दुसरा महाग, आणि हाड धरेपर्यंत जपायला लागतं.

''टिकतो कोणता?'' मी विचारलं.

''बाईंसाठी सांगायचं तर, वय तसं फार नाही, हाड चांगलं आहे, काम कष्टाचं. अशा माणसांत सिमेंट पुढे सैल झालेलं मी पाहिलंय. बिनसिमेंटचा जास्त टिकेल असं वाटतं.''

''वाटतं म्हणजे किती वर्षं?''

डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, ''दहा वर्षांचं मी बोलू शकतो. पंधरा, कदाचित. त्याच्यापुढचं विचारू नका. तेवढी जुनी झालेली माणसंच अजून माझ्याकडे नाहीत.''

आनंदीबाय म्हणाली, ''मगे मी होतंय जुनी.''

बाहेर आल्यावर मला बाजूला घेतलं. ''शेट, खरा सांग. तुझ्या आवशीचो खुबो असतो, तर तू खयचो घातलो असतंस?''

माझी आई डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकता विकता गेली. तिच्या खुब्याचा कोणी फोटो काढला नव्हता. मी म्हणालो, ''बिनसिमेंटचो.''

आता हे नीट ऐका. खोलीच्या भाड्यावर मी भांडलो, गाडीवाल्याशी भांडलो, कँटीनच्या चहावर भांडलो. पण सांध्यावर मी 'कमी करा' असा एक शब्द काढला नाही. उभ्या हयातीत न घासता आणलेली तेवढी एकच वस्तू, आणि नेमकी तीच घासून आणली म्हणून माझं नाव खराब झालं.

शस्त्रक्रिया चांगली झाली. आणि चूक झाली ती पुढे, एका साध्या बोलण्यातून. हाड धातूला कसं धरतं हे डॉक्टर समजावत होते, तेव्हा आनंदीबायने विचारलं, ''म्हणजे कलम?'' तिने आंब्याची, काजूची पुष्कळ कलमं बांधलेली. डॉक्टरांना कौतुक वाटलं. ते हसून म्हणाले, ''अगदी बरोबर! कलमच समजा.'' त्यांनी तिला कुबड्या घेऊन अर्धा भार टाकायला, आणि दीड महिन्याने पूर्ण पाऊल टेकायला सांगितलं होतं. ते सगळं तिने ऐकलं, मान डोलावली, आणि घरी येऊन विसरली नाही, पुसून टाकलं. लक्षात ठेवलं ते फक्त कलम.

कलमाला हात लावायचा नसतो. हलवायचं नसतं. त्याच्यावर कावळा बसला तरी आपण हाकलतो.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. लोकांना ती सांगायची, घरात चालते म्हणून. पावणीच्या आठवडाभर आधी मी भट्टीवर गेलो, तर दारातच यल्लू. ''शेट, कुणाला सांगू नगा. बाईंनी ते पाऊल अजून भुईला लावलेलंच न्हाई.''

मी आत गेलो. ती चटईवर उजवा पाय पुढे पसरून बसली होती. पोटरी बघितली आणि माझं डोकं फिरलं. पायाची काठी झाली होती.

''आनंदीबाय, ह्यां काय?''

''कलम लागता.''

''सहा महिने?''

''कलमाक वरीस जाता. घाई करतत ते कलम मारतत.''

''अगो, ता झाड न्हय! तुझा हाड आसा! कलम कधीच लागलां. मरता तो तुझो पाय!''

''तू बी विकतंस, शेट. कलमातला तुका काय कळता?''

यल्लू बाहेर पळून गेली इतका मी ओरडलो. तिला हट्टी म्हणालो, अडाणी म्हणालो, डॉक्टरचे कष्ट मातीत घातलेस म्हणालो. तिने शांतपणे नीरोचा रिकामा पेला उपडा घातला. हंगाम नव्हता, तरी अर्थ कळला: आता जा. मी निघालो आणि दारातून म्हणालो, ''पावणीक कशी येतलंस ता बघतंय.''

त्या देवळात रीत अशी, की पावणी बोलताना उभं राहायचं आणि हात मोकळे ठेवून देवाला जोडायचे. हातात काठीसुद्धा चालत नाही. गणपतीच्या वेळी पाय मोडलेल्या एका गावकऱ्याने मागे कधी बसून पावणी बोलली होती, ती धरली नव्हती. हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि पुंडलिकला तर पाठच होतं.

पावणीच्या दिवशी ती कुबड्यांवर आली, पाय अधांतरी. तुळशीपाशी यल्लूने मांडलेल्या स्टुलावर बसली. मी मागे खांबाला टेकून उभा होतो. आमचं बोलणं बंद होतं. कारभाऱ्याने डोंगराचं नाव पुकारलं. पुंडलिक उठला, हात जोडून बोलला, आणि वळून म्हणाला, ''काकी, तू बस. आता आराम कर. बसान बोललली पावणी चलणा नाय, रीतच आसा ती. लोखंडाच्या पायार डोंगर चढाक जमणा नाय, त्यात लाज कसली?''

त्याच्या आवाजात त्या वेळी वाईटपणा नव्हता, खरं सांगायचं तर. कीव होती. वाईटपणा तिने सोसला असता.

आनंदीबायने कुबड्या धरल्या आणि उठली. यल्लूच्या हातात एक कुबडी दिली. मग दुसरी दिली. अंगणात दीडदोनशे माणसं होती. तो पाय सहा महिन्यांत पहिल्यांदा भुईला लागतोय हे आम्हाला दोघांनाच ठाऊक, यल्लूला आणि मला. यल्लू तोंडात पदर कोंबून उभी होती. मी आयुष्यात अनेक सौदे अंगावर घेतलेत, पण एवढं पणाला लागलेलं कधी बघितलं नव्हतं. तो दांडा निघाला, तर ती सगळ्यांसमोर कोसळणार. डोंगर जाणार, आणि पाय परत कोणी बसवून देणार नाही.

तिने पाऊल टेकलं. सगळं अंग डावीकडे झुकलं, चेहरा राखेसारखा झाला. मग हळूहळू, पिंपात पाणी भरत जावं तसा तिने भार उजवीकडे आणला. हात जोडले, आणि पुंडलिकावर चढवलं.

तो चढवत गेला, ती चढवत गेली. मला वाटतं, तो मुद्दाम लांबवत होता; आणि त्याला माहीत नव्हतं की त्यामुळे ती जास्त वेळ उभी राहत होती, आणि जितका वेळ जात होता तितकी तिला खात्री होत चालली होती. शेवटी शेवटी तर ती दोन बोलींच्या मध्ये पायावर किंचित दाबून बघत होती, बाजारात फणस दाबून बघतात तसं. डोंगर तिला मिळाला. कुबड्या परत घेताना माझ्या बाजूने गेली आणि न थांबता म्हणाली, ''लागलां.''

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण सहा महिने न वापरलेल्या पायाचे स्नायू गेलेले. त्यामुळे पुढे वर्षभर ती झुकून, हेलकावे खात चालायची. डॉक्टरांनी तिला चांगली झापली: ''हाडावर भार आला तर ते जोर धरतं, बाई. तुम्ही त्याला उपाशी ठेवलंत.'' पण हे बेळगावात. लाटंबार्स्यात लोकांनी हेलकावा बघितला आणि ठरवलं, की शेटाने स्वस्तातला सांधा आणला. एका शब्दाने ती हे थांबवू शकली असती. मी तिला म्हणालो, ''तुझ्या हट्टापायी पाय असो झालो, सांग ना लोकांक.''

''सांगलंय तर तुझो मान वाडतलो. मागीर तू बियेचो भाव पाडतलंस.''

हसत म्हणाली, पण सांगितलं मात्र कधीच नाही. तिचा हेलकावा वर्षात गेला. माझं नाव खराब झालं ते तसंच राहिलं.

पुढे ती डोंगर चढली, कोळमीत उतरली. डॉक्टरांनी तुडवायला सक्त मनाई केली होती. तपासणीला गेलो की ते विचारत, ''चालता किती?'' ती म्हणायची, ''हंयसर थंय,'' म्हणजे इथून तिथे. एकदा त्यांनी तिला पाय वर घ्यायला सांगितला आणि तळवा बघितला. काजूच्या रसाने सोललेला, काळा पडलेला, हंगामातला तळवा. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी खिडकीकडे. ते नुसतं म्हणाले, ''दहा वर्षं म्हणालो होतो ना मी?'' दहा केव्हाच झाली होती. पंधराही झाली. डॉक्टर निवृत्त झाले, त्यांच्या जागी तरुण आला. त्याने फोटो बघून सांगितलं, की दांडा आहे तसा आहे, कमरेच्या हाडात बसवलेली वाटीही हाडाने धरलेली आहे. झिजलंय ते मधलं प्लास्टिक, आणि त्याचा भुगा पुढे हाड पोखरू शकतो. सगळंच काढून नवीन घालायचं का, असा त्याचा विचार चालला होता. आनंदीबाय म्हणाली, ''बसलला काढू नको, पुता. झिजलला काय ता बदल.'' तो विचार करून म्हणाला, की तसं करता येतं. प्लास्टिक बदललं. या वेळी घरी आली ती पायावर चालत.

ऐंशीच्या घरात असताना ती न्हाणीत घसरली, आणि डावा खुबा मोडला. डावा! इस्पितळात फोटो मी मागून घेतला आणि पुंडलिकला दाखवला: ''बघ. ह्यो उजवो. ह्यो डावो. मोडलो खयचो?'' पुंडलिकने फोटो उजेडाकडे धरून बघितला. तोही म्हातारा झाला होता. डॉक्टर म्हणाले, या वयात हाड ठिसूळ, डाव्या बाजूला सिमेंट घालावं लागेल. ती म्हणाली, ''घाल. हो पाय मी भाड्यान घेतंय.''

त्यानंतर ती थोडेच महिने होती. तापाने गेली, बोंडं गळायला लागायच्या आधी. पण तत्पूर्वी पावणी होती, आणि ती आली. पुंडलिकच तिला गाडीतून घेऊन आला, त्याच्याच घरची खुर्ची अंगणात मांडली. जन्मात पहिल्यांदा आनंदीबाय खुर्चीवर बसलेली मी बघितली. कारभाऱ्याने डोंगराचं नाव पुकारलं आणि अवघडून म्हणाला, ''बाय, तू बसान बोल. कोण काय म्हणणा नाय.''

''रीत आसा,'' ती म्हणाली.

खुर्चीचे हात धरून उठली. डावी टाच भुईवरून थोडी उचललेलीच ठेवली, चवड्याने नुसता आधार. सगळी बाई उजव्या पायावर. हात जोडले आणि बोलली. कारभाऱ्याने पुंडलिककडे बघितलं. पुंडलिकने मान हलवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने चढवलं नाही.

''चढता कोण?'' कारभाऱ्याने विचारलं. कोणी नाही.

मग ती लोकांकडे बघून म्हणाली, ''बघून घेयात सगळ्यांनी. खयच्या पायार उबी आसंय ता.''

मी खांब सोडून पुढे आलो. मला वाटलं, आता माझं नाव घेईल. तिने मला शोधलं, बघितलं, आणि एक भुवई वर केली. नाव घेतलं नाही.

''चढता कोण?'' दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. डोंगर तिचा झाला. खुर्ची पुढे सरकवायला पुंडलिक वाकला, तर जोडलेले हात न सोडता ती त्याला म्हणाली, ''रव रे. घाई कित्याक? अजून उबी आसंय मी.''